ग्राफिक्स कार्ड ८७ अंशांवर जाते, तेव्हा आधी खोलीचे तापमान वजा करावे

भुसावळच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे : गच्चीखालच्या खोलीत त्याचा संगणक असून त्यात आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड आणि रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आहे. डिसेंबरात खेळताना कार्ड ६८-६९ अंशांवर राहत होते. आता मे महिन्यात दुपारी ते ८७ अंशांवर जाते, पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो आणि खेळ मध्येच अडखळतो. दुकानदाराने नवे कॅबिनेट घ्यायला सांगितले, तर मित्राने बाजूचे झाकण काढून समोर कूलर लावायला सांगितले. कार्ड बिघडले आहे का, आणि या दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

तुमच्या वर्णनावरून कार्ड बिघडलेले दिसत नाही. दुकानदाराच्या आणि मित्राच्या सल्ल्यात थोडेथोडे तथ्य आहे, पण कार्ड ८७ अंश दाखवत होते त्या वेळी खोलीत किती अंश होते, हे दोघांनीही विचारलेले नाही. मी जळगावात अठरा वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो. होळी झाली की तापणाऱ्या संगणकांची रांग लागते आणि ती पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत हटत नाही. त्या रांगेतल्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी खोलीचे तापमान विचारतो, कारण त्याशिवाय कार्डाच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

हवेने थंड होणारे कार्ड खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. चिपमधली उष्णता तांब्याच्या नळ्यांतून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत जाते आणि पंखा ती पात्यांवरून हवेत सोडतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारा आकडा हा दोन आकड्यांची बेरीज असतो : एक खोलीचे तापमान आणि दुसरी त्यावर कार्डाने केलेली वाढ. कार्ड तेवढीच वीज खात असेल आणि पंखे त्याच वेगाने फिरत असतील, तर ही वाढ उन्हाळ्या-हिवाळ्यात साधारण सारखीच राहते. परीक्षणांमध्ये छापलेले आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि खोलीत पंखा चालू असूनही ४०-४१ अंश सहज भरतात, तेव्हा ते आकडे पाहून आपले कार्ड सदोष ठरवणे हा कार्डावर अन्याय आहे.

तुमच्या आकड्यांनाच हे लावून पाहू. डिसेंबरात खोली २४ अंशांवर होती असे धरले, तर ६९ मधून २४ वजा जाता वाढ ४५ अंशांची होती. आता खोली ४१ अंशांवर धरली, तर ८७ मधून ४१ वजा जाता ती ४६ होते. म्हणजे कार्डाने स्वतःहून केलेली वाढ जवळजवळ तेवढीच आहे. मात्र इथे एक बारकावा आहे आणि तो सुटता कामा नये. डिसेंबरात तुमचे पंखे निम्म्या वेगाने, शांतपणे फिरत असणार आणि आता आवाजावरून ते पूर्ण जोराने फिरत आहेत. पूर्ण जोराच्या पंख्यांनी ही वाढ ४५ वरून सहा-सात अंशांनी तरी खाली आणायला हवी होती, पण ती तिथेच आहे. याचा अर्थ वारा वाढला असला तरी तो पात्यांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही, किंवा कॅबिनेटमधली तीच गरम हवा पुन्हा पुन्हा कार्डात फिरते आहे. बिघाड नाही, पण अडथळा आहे, आणि तो कुठे आहे हे नवे काही विकत न घेता शोधता येते.

८७ अंशांनी कार्ड जळेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. या कार्डासाठी कंपनीने कमाल ९३ अंश दिलेले आहेत. पण त्याच्या बरेच आधी, साधारणपणे ८३ अंशांचे नेमून दिलेले लक्ष्य ओलांडले, की कार्ड स्वतःचा वेग १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरवू लागते. अडखळण्याचे कारण यातही असू शकते, परंतु माझा अनुभव असा की पुष्कळदा अडखळते ते कार्ड नव्हे, तर प्रोसेसर. कार्ड १७० वॅटपर्यंतची उष्णता कॅबिनेटच्या पोटातच सोडते, तीच गरम हवा वरचा प्रोसेसरचा छोटा पंखा ओढून घेतो आणि रायझन ५ ५६०० ची ९० अंशांची मर्यादा गाठली जाते. म्हणून कार्डाबरोबर प्रोसेसरचे तापमानही अवश्य पाहावे.

मोजणी अशी करावी. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवावा, भिंतीवर टांगू नये, कारण तापलेली भिंत त्याला फसवते. एकाच खेळातले एकच ठिकाण निवडून वीस मिनिटे खेळावे आणि एचडब्ल्यू इन्फो किंवा जीपीयू-झेड या मोजणीच्या प्रोग्राममध्ये कार्डाचे तापमान, हॉट स्पॉटचे, म्हणजे चिपमधल्या सर्वांत तापलेल्या बिंदूचे, तापमान, पंख्याचा वेग, किती वॅट खाल्ले आणि चिपचा मेगाहर्ट्झमधला वेग (क्लॉक), एवढे कागदावर लिहून घ्यावे. नंतर बाजूचे झाकण काढून तेवढाच वेळ पुन्हा तेच करावे. तुमच्या मित्राचा सल्ला कायमचा उपाय म्हणून मला मान्य नाही, पण चाचणी म्हणून त्याला तोड नाही. झाकण काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे. दोन-तीन अंशच उतरले, तर अडथळा खुद्द कार्डाच्या आत आहे.

आणखी एक खूण मी नेहमी पाहतो, ती म्हणजे तापमान कसे चढते. खेळ सुरू होताच दहा-पंधरा सेकंदांत आकडा ८० च्या वर उडी मारत असेल, तर चिप आणि वरचा तांब्याचा ठोकळा यांच्यातली उष्णता पोहोचवणारी पेस्ट वाळलेली असते किंवा बैठक ढिली झालेली असते. तोच आकडा पंधरा मिनिटे रांगत रांगत चढत असेल, तर पेस्ट ठीक असून हवा कोंडलेली आहे. हॉट स्पॉट सरासरी तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणे स्वाभाविक आहे. हा फरक २५ च्या पुढे गेला, तर मी पेस्ट बदलल्याशिवाय कार्ड परत देत नाही.

आता धुळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिच्यावर आहे आणि खान्देशातली धूळ वेगळी आहे. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत आपल्याकडे कापसाच्या गाड्या वाहतात, जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने, चालू असतात आणि रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत घराघरांत शिरतात. नुसती माती पात्यांमधून बऱ्याच अंशी निघून जाते, पण तंतू आडवा अडकतो आणि मग त्यावर माती साठते. गेल्या वर्षी धरणगावकडचे एक कार्ड माझ्याकडे आले होते. पंख्यांची पाती स्वच्छ पुसलेली, वरून पाहिले तर कार्ड नवे वाटावे, आणि मालकाचा आग्रह असा की सफाई कालच केली आहे. चार स्क्रू काढून पंख्यांचे प्लॅस्टिकचे आवरण उचलले, तेव्हा आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडाशी करड्या रंगाची एक सलग पट्टी दिसली. चिमट्याने एक टोक धरले, तर ती जुन्या गोधडीच्या अस्तरासारखी अखंड सोलून निघाली. पंखे अंगापेक्षा जास्त जोर करून त्या पट्टीवर वारा मारत होते आणि तो वारा बाजूने निसटून जात होता. पेस्टला हातही न लावता ते कार्ड त्याच दुपारी, त्याच खोलीत १४ अंशांनी उतरले.

म्हणून बाहेरून फडके फिरवणे ही सफाई नव्हे. संगणक बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर घ्यावे. मऊ ब्रश आणि हाताने धरायचा विजेचा ब्लोअर वापरावा आणि हवा मारताना पंखा बोटाने अडवून धरावा, कारण वाऱ्याने तो मर्यादेबाहेर गरगरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. हवा पंख्याच्या बाजूने न मारता पात्यांच्या उघड्या कडेने, आतून बाहेर अशी मारावी, नाहीतर पट्टी आणखी घट्ट बसते. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी कार्डाला लावू नये, तिच्यामुळे स्थिर विद्युत तयार होते. आणि कळकळीने सांगतो, कार्ड पंक्चरच्या दुकानात नेऊन तिथल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घेऊ नका. त्या टाकीत साठलेले पाणी आणि तेल हवेबरोबर येते, दाबही नको तेवढा असतो. असे ओलावलेले आणि पंख्याचे पाते तुटलेले कार्ड दर उन्हाळ्यात एखादे तरी माझ्या टेबलावर येते आणि ते पाहून वाईट वाटते, कारण त्याला मुळात दहा मिनिटांचीच सफाई हवी होती.

पेस्ट बदलायची वेळ आलीच, तर आधी वॉरंटीची मुदत पाहावी आणि कार्ड उघडल्याने वॉरंटी जाते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. मुदत शिल्लक असेल तर कार्ड उघडू नये. मुदत संपली असेल आणि हात बसलेला असेल, तर काम अवघड नाही : कार्ड थोडे गरम असतानाच चिपभोवतीचे चार स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे ढिले करावेत, पंख्यांच्या तारेचा नाजूक जोड हळुवार सोडवावा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी पेस्ट चिपचा कोपरान् कोपरा झाकेल अशी पसरावी. खरी जोखीम पेस्टमध्ये नसून मेमरीवरच्या थर्मल पॅडमध्ये, म्हणजे उष्णता ठोकळ्यापर्यंत नेणाऱ्या मऊ पट्टीमध्ये, आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कार्डावर एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचे पॅड बसवले, कारण जाड पॅड चांगला असा माझा समज होता. त्या अर्ध्या मिलिमीटरने ठोकळा उचलला गेला, चिपवर तो नीट टेकलाच नाही आणि हॉट स्पॉट मिनिटभरात शंभरी ओलांडून गेला. ग्राहकाला ते कार्ड दोन दिवस उशिरा मिळाले आणि तेव्हापासून जुना पॅड मोजपट्टीने मोजल्याशिवाय मी नवा कापत नाही. पॅड फाटलेले नसतील, तर ते तसेच राहू द्यावेत हे उत्तम.

मित्राने सुचवलेल्या कूलरकडे वळतो. बेरजेतला पहिला आकडा कमी केला, की कार्डाचा आकडा तेवढाच कमी होतो, आणि हे काम आपल्याकडे कूलरइतके स्वस्तात दुसरे कोणी करत नाही. एप्रिल-मे मध्ये खान्देशची हवा इतकी कोरडी असते की पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि चांगले गवत बसवलेला कूलर ४१ अंशांची खोली ३०-३१ पर्यंत आणतो. ओलसर हवेने कार्डावर पाणी जमेल ही शंका अनेकांना असते. तसे होत नाही, कारण पाणी हवेपेक्षा थंड वस्तूवर जमते आणि चालू कार्ड हवेपेक्षा कितीतरी गरम असते. धोका पाण्यापेक्षा पाण्यातल्या क्षारांचा आहे. आपल्याकडे कूलरमध्ये बहुधा बोअरचे पाणी भरतात. कूलरच्या झोतातून उडणारे बारीक तुषार कॅबिनेटमध्ये गेले, की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. कूलरसमोर दोन फुटांवर झाकण काढून ठेवलेल्या संगणकातले एक कार्ड मी पाहिले आहे : पात्यांवर चुन्याच्या शिंतोड्यांसारखे पांढरे ठिपके, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज आणि रुईची पट्टी ओली होऊन सुकल्यामुळे पापडासारखी कडक झालेली. तिला ब्लोअरने हलवताही आले नाही.

तेव्हा कूलर जरूर लावा, पण त्याने खोली थंड करू द्या, संगणकावर झोत सोडू नका. कॅबिनेट झोताच्या रेषेबाहेर, सहा-सात फूट दूर असावे, त्याचे झाकण बंद असावे आणि कूलरच्या समोरची खिडकी चार बोटे उघडी असावी, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडून कूलरचाच परिणाम मरतो. वीज गेल्यावर संगणक इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि कूलर बंद पडतो अशी जोडणी अनेक घरांत असते. त्या वेळी खेळ थांबवावा. मृग लागल्यावर हवेत ओल येते आणि कूलर निरुपयोगी होत जातो, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

गच्चीखालच्या खोलीची अडचण निराळी आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावरही कित्येक तास ती उष्णता खाली सोडत राहतो, त्यामुळे तुम्ही संध्याकाळी सातला खेळायला बसलात तरी खोली दुपारइतकीच तापलेली असू शकते. शक्य असल्यास उन्हाळ्यापुरता संगणक खालच्या मजल्यावर न्यावा, किंवा गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. ज्यांच्याकडे अजून जुने धाब्याचे घर शिल्लक आहे, त्यांच्या मातीच्या जाड छताखाली तेच संगणक मी पाच-सहा अंश कमी तापमानावर चाललेले पाहिले आहेत.

बेरजेतला दुसरा आकडा, म्हणजे वाढ, कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय पैशाचा नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज खावी याची मर्यादा, १०० वरून ८० टक्क्यांवर आणावी. कार्ड १७० ऐवजी १३६ वॅट खाईल आणि वाढ विजेच्या प्रमाणात असल्यामुळे ४६ ची साधारण ३७ होईल. खेळातल्या फ्रेम्स, म्हणजे दर सेकंदाला तयार होणारी चित्रे, मात्र वीस टक्क्यांनी घटत नाहीत, माझ्या हातून गेलेल्या बहुतेक कार्डांवर ही घट पाच टक्क्यांच्या आसपास राहिली आहे, कारण वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी चिप प्रमाणाबाहेर वीज खाते. थोडा अभ्यास करण्याची तयारी असेल, तर व्होल्टेजचा आलेख हाताने बसवून हेच काम आणखी नेमके होते. या चिपसाठी सुमारे ९०० मिलीव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ही सुरुवात मी करतो आणि तासभर खेळून ती टिकते का ते पाहतो. प्रत्येक चिप सारखी नसते, खेळ बंद पडला तर व्होल्टेज थोडे वाढवावे. याने कार्डाला इजा होत नाही. शिवाय तुमचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा, असेल आणि खेळ १२० फ्रेम्स काढत असेल, तर अर्ध्या फ्रेम्स तुम्हाला दिसतच नाहीत. त्या ६० वर रोखून धरल्या तर कार्ड जवळजवळ निम्म्या कामावर येते.

आता पुन्हा बेरीज करा. कूलर लावलेली खोली ३१, पॉवर लिमिट उतरवल्यावरची वाढ ३७, एकूण ६८. तुमचा डिसेंबरचा आकडा तुम्हाला मे महिन्यात मिळाला आणि पात्यांची सफाई अजून यात धरलेलीच नाही.

पंख्यांचा आलेखही त्याच प्रोग्राममध्ये बदलता येतो. अनेक कार्डांचे पंखे ५० अंशांपर्यंत बंदच राहतात, ही सोय थंड प्रदेशासाठी ठीक आहे. उन्हाळ्यात ते ४५ अंशांपासूनच ४० टक्क्यांवर फिरू द्यावेत आणि ७५ अंशांना ८० टक्क्यांपर्यंत जावेत. कायम १०० टक्क्यांवर ठेवू नयेत, त्याने दोन-तीन उन्हाळ्यांत बेअरिंग खडखडू लागते.

राहिला दुकानदाराने सुचवलेल्या कॅबिनेटचा प्रश्न. तुमचा संगणक खेळताना सगळा मिळून ३०० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो असे धरले आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही असे ठरवले, तर कॅबिनेटमधून दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा वाहायला हवी. १२० मिलिमीटरचे तीन साधे पंखे एवढी हवा आरामात नेतात, पण पुढच्या बाजूला सबंध काच असेल आणि हवा यायला कडेला बोटभर फट असेल, तर पंखे कितीही चांगले असले तरी ती येणार कुठून? त्यासाठी झाकणाची चाचणी निर्णायक मानावी. टेबलाच्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट कोंबलेले असेल, तर ते आधी बाहेर काढून मगच ही चाचणी करावी. पात्यांची सफाई झाल्यावरही झाकण काढून आठ अंशांहून जास्त फरक पडत असेल, तर दुकानदाराचे ऐकावे आणि पुढे उघडी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. पुढून आत घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, अशी रचना ठेवावी. आत येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली, की ती फटीफटींतून बाहेर पडते आणि रुई फटींतून शिरण्याऐवजी पुढच्या गाळणीवर अडकते. ती गाळणी जिनिंगच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावी. फरक चार अंशांच्या आत असेल, तर कॅबिनेटवर खर्च करू नका. माझ्या अंदाजाप्रमाणे तुमचा फरक तेवढाच निघेल, कारण तुमचे लक्षण पात्यांवरच्या रुईचे आहे. हे रविवारी सकाळी, स्लॅब तापण्याआधी करून पाहा, आणि पंखे उचलल्यावर आत काय दिसले त्याचे छायाचित्र दोन्ही मोजण्यांच्या कागदासोबत मला पाठवा.